सातारा-सांगलीची बोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलीबद्दल मी लिहायला लागलो तसे लोकांचे प्रश्न यायला लागले. कुणी साताऱ्यातून नोकरीसाठी पुण्याला गेलेलं, कुणी लग्न होऊन विट्याला आलेलं, कुणी शिक्षक, कुणाला आजीचा एखादा शब्द अडलेला. बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त सापडतील.

१. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी अशी नावं आहेत. आमच्या बोलीला नाव का नाही?

कारण आपण पुण्याच्या शेजारी. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात देशावरची मराठी हीच मुख्य धरली आणि बाकीच्या बोली तिच्याशी ताडून पाहिल्या. आपण त्या 'देशी' पोटात गेलो आणि वेगळ्या नावाची गरजच कुणाला वाटली नाही.

सातारा-सांगली असं जोडून म्हणायला मात्र आधार आहे. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि त्यालाच १९६० साली सांगली हे नाव मिळालं. पण म्हणून सगळीकडे एकच बोली आहे असं नाही. साताऱ्याहून सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, त्या हिशोबाने वाटेत ती तीनदा तरी बदलायला हवी, आणि बदलतेच. फलटण-खंडाळ्याकडे पुण्याचा वळसा लागतो, पाटण-जावळीच्या डोंगरात कोकणचा वारा लागतो, मिरज-जतकडे कानडीचा. दहिवडी, म्हसवड, आटपाडी या माणगंगेच्या पट्ट्याला तेवढं 'माणदेशी' हे स्वतःचं नाव आहे.

२. आमचं बोलणं म्हणजे अशुद्ध मराठी, असं शाळेत शिकवलं. खरं काय?

खरं असं की आपल्या बोलीला स्वतःचं व्याकरण आहे, आणि काही जागी ते प्रमाण मराठीपेक्षा जुनं आणि जास्त काटेकोर आहे.

एकच उदाहरण जवळून बघू. माझी आजी म्हणायची, 'म्या सांगितलं' आणि 'मी गेली'. लहानपणी मला वाटायचं, ती कधी 'म्या' म्हणते, कधी 'मी', तिचं काही ठरलेलं नाही. पुढे जुनी मराठी वाचताना लक्षात आलं की ती कधीच चुकत नव्हती. जुन्या मराठीत 'म्यां' हे तृतीयेचं रूप, म्हणजे 'माझ्याकडून'. केलं, दिलं, सांगितलं अशी कर्म घेणारी भूतकाळी क्रियापदं आली की 'म्यां', आणि गेलो, आलो, बसलो यांच्याबरोबर 'मी'. 'त्वां' आणि 'तू' यांचंही तसंच. प्रमाण मराठीने हा फरक पुसून दोन्हीकडे 'मी' केलं. तो शाळेत न गेलेल्या बाईच्या तोंडी शिल्लक राहिला होता.

प्रमाण भाषा हवीच. कोर्टाचा कागद, पाठ्यपुस्तक, बातमी सगळ्या महाराष्ट्राला कळायला एक रूप लागतं. पण ते रूप म्हणजे 'शुद्ध' आणि बाकीचं सगळं बिघडलेलं, हे मला मान्य नाही.

३. विहिरीला 'हीर', वेड्याला 'येडा', ओढ्याला 'वढा'. हे नुसतं जिभेचं आळसपण आहे का?

आळस असता तर कुठेही, कसाही दिसला असता. इथे नियम आहे. शब्दाच्या सुरुवातीला 'व' असेल आणि पुढे इ-ई असेल, तर 'व' गळतो: विस्तवाचा इस्तू, विटेची ईट, विठोबाचा इठुबा, विहिरीची आधी इहीर आणि मग हीर. पुढे 'ए' असेल तर 'व'चा 'य' होतो: वेळ-येळ, वेडा-येडा, वेगळा-येगळा. पण पुढे 'आ' किंवा 'अ' आला की 'व' जागचा हलत नाही. वाट, वारा, वासरू, वरवंटा यांना कुणी हात लावत नाही. कितीही गावंढळ बोलणारा माणूस घ्या, तो वाटेला 'आट' म्हणणार नाही.

सुरुवातीचा नुसता 'ए' आणि 'ओ' यांनाही असाच टेकू मिळतो. एक म्हणजे येक, ओला म्हणजे वल्ला, ओळख म्हणजे वळख.

४. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणारी मुलं लिहिताना 'मन' हा शब्द 'मण' असा का लिहितात?

हा शिक्षकांचा प्रश्न, आणि दरवर्षी जूननंतर येतोच. आपल्या खेड्यातल्या बोलीत ण आणि न हे वेगळे नाहीत, दोन्हीकडे न. पानी, लोनी, कोन, आनी. मूल शाळेत येतं आणि त्याला सांगितलं जातं, 'पानी नाही, पाणी म्हण'. ते एवढंच शिकतं की आपण न म्हणतो तिथे ण हवा. मग ते मनाचा 'मण' करतं, आनंदाचा 'आणंद' करतं. ते दुर्लक्ष करत नाही, उलट सांगितलेलं जास्तच मनावर घेतं.

उपाय एकच. नुसता लाल शेरा न देता जोड्या द्या: मन-मण, पान-पाणी, वन-वण. कानाला फरक कळला की हात आपोआप सुधारतो. ळ मात्र आपल्याकडे पक्का आहे. फळ, माळ, काळा यांत गोंधळ होत नाही, त्यामुळे त्याची वेगळी उजळणी करण्यात वेळ घालवू नका.

५. गावाकडचे लोक 'साहेब आलं', 'आबा गेलं' म्हणतात. मोठ्या माणसाला नपुंसकलिंग? हा अपमान नाही का?

अपमान नाही, हा आदर आहे. याच वाक्यापायी मी स्वतः खाली मान घातलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कॉलेजला पुण्यात होतो. वडील भेटायला आले तेव्हा मी मित्रांना म्हणालो, 'आमचं आबा आलं.' खोलीत हशा पिकला. एकाने विचारलं, 'आबा म्हणजे काय, वासरू आहे का?' पुढची तीन वर्षं मी घरच्यांबद्दल बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोललो.

काय घडतं ते असं. आदर दाखवायला मराठीत अनेकवचन लागतं: 'आबा आले'. आपल्या बोलीत पुल्लिंगी अनेकवचनाचा शेवटचा 'ए' हा 'अं' होतो. पैसे म्हणजे पैसं, डोळे म्हणजे डोळं, पाहुणे म्हणजे पावणं. म्हणून 'आले'चं 'आलं' होतं. म्हणजे 'आबा आलं' हे अनेकवचनच आहे, आदराचंच आहे. ऐकायला ते 'वासरू आलं'सारखं लागतं हा योगायोग, कारण नपुंसकलिंगी एकवचनही 'अं'वरच थांबतं. एकेरी करायचं असेल तर आपला माणूस 'आबा आला' म्हणेल, आणि त्याला घरात लगेच कुणीतरी दटावेल.

दोन बारकावे. बायकांच्या बाबतीत हे होत नाही, तिथे 'आक्का आल्या' असंच. आणि शेवटचा प्रत्येक 'ए' काही 'अं' होत नाही. 'ती जाते' याचं 'ती जाती' होतं, 'जातं' नाही.

६. सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी जेवलो' का म्हणतात?

पुण्या-मुंबईच्या मुलींना याचं सगळ्यात नवल वाटतं. लहानपणापासून घरात, मैत्रिणींत जे ऐकलं तेच या मुली बोलतात. त्यात मुलग्यासारखं वागण्याचा काही भाग नाही.

आधी प्रमाण मराठीकडेच बघा. 'आम्ही आलो' हे बाप्ये म्हणोत की बायका, रूप एकच. म्हणजे प्रथमपुरुषात लिंग न दाखवण्याची सोय मराठीत आधीपासून आहे, फक्त अनेकवचनापुरती. या भागात ती एकवचनात उतरली. शेजारच्या कानडीत 'नानु बंदे' म्हणजे मी आलो आणि मी आले, दोन्ही. तृतीयपुरुषात मात्र कानडी लिंग दाखवते, तो आला म्हणजे 'बंदनु' आणि ती आली म्हणजे 'बंदळु'. आपल्या मुलींचंही अगदी तसंच आहे. त्या 'मी आलो' म्हणतील, पण मैत्रिणीबद्दल 'ती आली'च म्हणतील. शेजाराचा हात यात असावा असं मला वाटतं, तरी मराठीत जागा तयार नसती तर तो लागला नसता.

सासर पुण्याचं असलेल्या मुलींना याबद्दल टोमणे बसतात. 'मी आले' शिकायला हरकत नाही, पण माहेरी फोनवर 'आलो' म्हणायची लाज वाटू नये.

७. 'पाऊस पडालाय' आणि 'पाऊस पडायला लागलाय' यांत फरक काय?

सांगली-मिरजकडे 'पडालाय' किंवा 'पडायलाय' म्हणजे आत्ता पडतोय. साताऱ्याच्या बाजूला त्यालाच 'पडतुया' म्हणतात. पुण्याचा माणूस 'पडायला लागलाय' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'नुकती सुरुवात झाली' असं असतं. दोन्ही रूपं इतकी जवळची आहेत की घोटाळा व्हायचाच. 'मी जेवालोय' असं मिरजेहून कुणी फोनवर म्हणालं तर ताट अर्धं संपलेलंही असू शकतं.

अधलीमधली पायरीही ऐकू येते: 'पडाय लागलाय'. तिन्ही एका दमात म्हणून बघा, कोणतं रूप झिजून कोणतं झालं असेल ते जिभेलाच कळतं.

८. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा का लागतो?

कारण तो वेगळाच आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, एक दाताजवळचा आणि एक टाळूचा. अक्षर एकच असल्यामुळे लिहिताना फरक दिसत नाही. 'चाक'मधला च दाताजवळचा, 'चार'मधला टाळूचा. पुढे इ, ई, ए किंवा य आला की मराठी शब्दात उच्चार टाळूकडे सरकतो: माझा-माझी, त्याचा-त्याचे. हे सगळ्या मराठीचंच वैशिष्ट्य आहे, आपल्या बोलीपुरतं नाही.

९. आपल्या बोलीत कानडी शब्द कोणते?

अण्णा, अक्का, अप्पा ही घरात रोज लागणारी तीन. तूप हा कानडी 'तुप्प'. अडकित्त्यातली 'अडिके' म्हणजे कानडीत सुपारी. हे शब्द आता साऱ्या महाराष्ट्राचे झालेत, फक्त आपल्याकडे त्यांचा वापर दाट आहे. जत तालुक्याच्या पूर्वेकडे तर घरात कानडी आणि बाजारात मराठी असं सहज चालतं. एकाच माणसाच्या तोंडून एका वाक्यात दोन्ही भाषा ऐकायला मिळतात.

एक सावधगिरी. कानडीत एखादा शब्द सापडला म्हणजे तो तिकडूनच आला असं होत नाही. दोन्ही भाषांनी संस्कृत-प्राकृतातून एकच शब्द उचललेला असू शकतो, किंवा कानडीने मराठीतूनही घेतलेला असू शकतो. शब्दांपेक्षा नात्यांच्या नावांत हा शेजार जास्त खोल गेलेला दिसतो, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१०. लग्न होऊन इकडे आले. इथे सासूला 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणतात. असं का?

कारण पूर्वी बहुतेकदा त्या खरोखरच आत्या आणि मामा असायच्या. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल या भागात मोठी होती आणि अजून आहे. मुलाची आई ही मुलीची आत्याच असते. ती सासू झाली म्हणून तिला वेगळ्या नावाने कोण हाक मारणार? उलट आत्याच्या मुलीशी लग्न झालं तर सासरा मुलीचा मामा. पुढे नातं नसलेल्या घरात लग्नं व्हायला लागली तरी हाका त्याच राहिल्या.

कानडीतही 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासू, 'माव' म्हणजे मामा आणि सासरा. शब्द वेगळे, पण नात्यांची मांडणी एकच. तेव्हा तुमच्या सासूबाईंना 'आत्या' म्हणताना अवघडू नका. त्या हाकेत त्या तुम्हाला माहेरचं नातं देऊ करत असतात.

११. 'ये की', 'बस की', 'खा की' यातला 'की' कशाला?

आज्ञेचा आग्रह करायला. नुसतं 'बस' म्हटलं तर हुकूम वाटतो, 'बस की' म्हटलं की चहा ठेवलाय असं समजावं. पुण्याकडे हेच काम 'ना' करतो. आणि 'हाय की', 'व्हय की' यात तो खात्री देतो.

१२. निघताना 'जातो' म्हटलं की आजी का रागावते?

कारण 'गेला' म्हणजे वारला, असाही अर्थ आहे. उंबऱ्यावरून पाय बाहेर टाकताना 'येतो'च म्हणायचं, बाहेर जाणाऱ्याने परत यावं म्हणून. हे सगळ्या महाराष्ट्रात आहे, पण आपल्या जुन्या बायका त्याबाबत फार कडक.

याच जातीचे शब्द घरात भरपूर सापडतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. मीठ संपत नाही, वाढतं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अशुभ तोंडातून जायला नको म्हणून नेमका उलटा शब्द घ्यायचा. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं शिराळं आपल्याच जिल्ह्यात, पण रात्री शेतात पाण्याची पाळी धरणारा माणूस 'साप' म्हणत नाही. तो म्हणतो, 'जपून, लांबडं हाय.' किंवा नुसतं 'जनावर'.

१३. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून काय करतात?

न बोलता भाव ठरवतात. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार मी लहानपणी चुलत्यांबरोबर बघितला. दोन माणसं समोरासमोर उभी. एकाने खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. चेहरे कोरे, नजर बैलावर. टॉवेलाखाली बोटांची थोडी हालचाल, एक मान हलली, हात सुटले. पुन्हा टॉवेल टाकला. तिसऱ्या वेळेला टाळी दिली आणि बैल विकला गेला. शेजारी उभा राहून मला एक आकडा ऐकू आला नव्हता.

धरलेलं बोट म्हणजे आकडा: एक बोट एक, दोन बोटं दोन, सगळा पंजा पाच. ते पाच शंभरातले की हजारातले हे बोलावं लागत नाही, जनावर समोर असतं आणि दोघं जाणते असतात. बाजारागणिक खुणा थोड्या बदलतात. फायदा हा की एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही, आणि भाव पाडून मागितला तरी चारचौघांत कुणाचा मान जात नाही.

बैलाचं वयही तिथे वर्षांत सांगत नाहीत, दातांवर सांगतात. दुधाचे दात असलेला आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, मग सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. शर्यतीच्या मैदानात 'आदत' शब्द ऐकून गोंधळलेल्यांनी तो सवयीचा अर्थ विसरून जावा.

१४. 'पेव फुटणे' यातलं पेव म्हणजे काय?

जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं. ते उघडलं किंवा ढासळलं की दाणे नुसते ओसंडतात, म्हणून 'क्लासचं पेव फुटलं' वगैरे. बाकी महाराष्ट्रात पेव या म्हणीपुरतं उरलं, पण सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात ते अगदी अलीकडेपर्यंत वापरात होतं, हळद साठवायला. तिथली माती अशी की पेवातली हळद टिकून राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून या पेवांचं मोठं नुकसान झालं. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत ठेवतात. माझ्या पिढीतल्या सांगलीकरांनी पेव डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्यांना ते शब्दकोशातच भेटेल.

१५. मुलांशी घरात बोलीत बोलावं की प्रमाण मराठीत? पुढे मुलाखतीत अडचण येईल का?

घरात जे तुमच्या तोंडी सहज येतं त्यातच बोला. मुलं दोन्ही रूपं शिकतात आणि कुठे कोणतं वापरायचं हे फार लवकर ओळखतात. आमच्या शेजारची सात वर्षांची पोरगी आजोबांना 'आवं, हितं बसा की' म्हणते आणि पाच मिनिटांनी बाईंना फोनवर 'मॅडम, मी अभ्यास केला आहे' म्हणते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

मुलाखतीसाठी प्रमाण मराठीचा सराव जरूर करावा, मोठ्याने वाचून करावा. पण त्यासाठी घरातली भाषा बंद करणं म्हणजे मुलाला आजी-आजोबांपासून तोडणं. प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या प्रसंगानंतर मी आबांशीही जपून बोलायला लागलो होतो. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्यांचं बोलणं कमी झालं. ती वर्षं परत आली नाहीत.

१६. आजीचे शब्द लिहून ठेवायचे आहेत. कसे लिहू?

कानाला येतं तसं. 'न्हाय' ऐकलं तर न्हाय, 'म्हायती' ऐकलं तर म्हायती. तुमच्या हातून ते आपोआप 'नाही' आणि 'माहिती' होऊ लागेल, तिथे सावध राहा. शेवटच्या 'अं'साठी अक्षरावर टिंब द्या.

सुटा शब्द लिहू नका, त्याचं पूर्ण वाक्य लिहा. 'म्या' आणि 'मी' यांतला फरक (प्रश्न २) मला वाक्यांमुळेच कळला, नुसत्या शब्दांच्या यादीतून कधीच कळला नसता. कोण बोललं, गाव कोणतं, माहेर कोणतं हे बाजूला टिपा. आजी पाटणची आणि घर पलूसचं असेल तर तिची बोली पाटणची असू शकते. मोबाइलवर आवाजही घ्या, पण तिला आधी विचारून. फोन समोर धरला की बायका एकदम पुस्तकी बोलायला लागतात, म्हणून तो बाजूला ठेवून द्या आणि विषय काढा चुलीचा, जात्याचा, सुगीचा, माहेरच्या वाटेचा.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आज ज्याला आपण गावंढळ म्हणून सोडून देतो असे कितीतरी शब्द त्यात व्यवस्थित अर्थासह नोंदवलेले आहेत. आणि तिथेही सापडला नाही तर आधी आजीलाच विचारा, 'आज्जे, ह्येचा अर्थ काय गं?' ती बहुतेक अर्थ सांगणार नाही, दुसरं वाक्य सांगेल. तेही लिहून घ्या.